गठानींच्या मागोमाग

मूठभर रुई घ्यायची, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा कुठं तुटतो ते पाहायचं, या कामावर माझी सगळी नोकरी निघाली. राज्यात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि आमच्यासारख्या कारंजा तालुक्यातल्या पोरांना ग्रेडरची नोकरी मिळण्याचा रस्ता मोकळा झाला. पत्ती किती, कवडी किती, ओल किती, ही पहिली वेचणी की फरदड, हे बोटांनी सांगायचं. निवृत्त झाल्यावर बोटं रिकामी झाली, पण सवय सुटली नाही. मुंबईत गेलो की जागा पाहतो आणि मनात पहिला प्रश्न येतो, इथं कापूस होता का? आणि होता, तर तो गेल्यावर ही जागा कोणाची झाली?

हा प्रश्न आमच्या कारंज्यातूनच सुरू होतो. कारंजा हे जुनं पैशाचं गाव. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये वऱ्हाडात मुसंडी मारली ती याच पेठेवर. नरसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून राज्यभरातून लोक येतात, पण माझ्या लहानपणी गावाचा श्वास चालायचा तो जिनिंग-प्रेसिंगच्या भोंग्यावर. दसरा झाला की बैलगाड्यांची रांग लागे. जिनात सरकी वेगळी, रुई वेगळी. रुईचा ढीग वेचायला, साफ करायला बहुतेक बाया. केसांत, भुवयांत रुई घेऊनच त्या घरी येत. पुढं प्रेस. रुई दाबून तिची गठान बांधायची, वर खूण रंगवायची. माझे वडील प्रेसमध्ये गठानी बांधायला होते. त्यांना अक्षरओळख बेताचीच, पण गठानीवरच्या खुणेवरून माल कोणाचा नि चालला कुठं, हे ते बिनचूक सांगत.

हा पसारा आपोआप उभा राहिला नव्हता. १८५३ च्या तहात निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला, तेव्हा त्यांची नजर इथल्या काळ्या जमिनीवर होती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाशिवाय गत्यंतर उरलं नाही. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. त्याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास 'कॉटन कमिशनर' नेमला गेला. १८७० मध्ये खामगावला आणि पुढच्या वर्षी अमरावतीला मुख्य मार्गापासून फाटे काढले, तेही कापसासाठीच. वाशिम तेव्हा स्वतः जिल्ह्याचं ठिकाण होतं. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोला-यवतमाळमध्ये वाटला गेला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा उभा राहिला. मधल्या त्र्याण्णव वर्षांत आम्ही अकोल्याचे होतो, पण कापूस मात्र सगळा वेळ मुंबईचाच होता.

कारंज्याच्या वाट्याला आली ती शकुंतला. मुर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची नॅरो गेज, मधे कारंजा. किलिक-निक्सन या ब्रिटिश व्यापारी घराण्याच्या व्यवस्थापनाखालची ती खासगी लाइन. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी तिची मालकी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. 'धावत' हा शब्द आपला शिष्टाचार म्हणून. गाडीतून उतरून, लघवी करून, पुन्हा चढता येतं असं आमच्यात म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच. मुर्तिजापूरला नॅरो गेज संपे. तिथं हमाल एकेक गठान छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत रचत, आणि तिथून ती मुंबईला जाई. मुंबईच्या बाजारात आमच्या या आखूड धाग्याच्या मालाला 'उमरा' म्हणत. कारंज्याचा माल तिथं अमरावतीच्या नावानं विकला जाई, आणि त्याबद्दल आमची कोणाची तक्रार नव्हती.

गठान ज्या वाटेनं जायची, त्याच वाटेनं आम्हीही जायचो. दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. वस्तीतली दहा-वीस माणसं, भाकरी-चटणीची गाठोडी, शकुंतलेनं मुर्तिजापूर, तिथून रात्रीच्या गाडीत मिळेल तिथं बसून किंवा उभ्यानं दादर. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले, ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून लोक तिथं येतच राहिले. चैत्यभूमीचा स्तूप नंतरचा, त्याचं उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ ला मीराताई आंबेडकरांच्या हस्ते झालं. म्हणजे पंधरा वर्षं लोक फक्त वाळूवर येत होते, समुद्राकडे पाहत होते आणि परत जात होते. त्या गर्दीत आम्ही होतो.

चैत्यभूमीजवळच, समुद्राला लागून, एक मोठं गिरणीचं आवार होतं. उंच भिंत, आत शेड, धुराडं. वडिलांनी एकदा मला तिकडं बोट करून सांगितलं, "पाय, आपला कापूस अठीच येते." मला ते फार मोठं वाटलं होतं. खरं तर ती इंडिया युनायटेड मिल नंबर ६. तिलाच सगळे इंदू मिल म्हणतात. सॅसून घराण्याच्या गिरण्यांच्या समूहातून आलेली, आणि तिचं मुख्य काम रंगाईचं. आमची गठान तिथं कधी थेट गेली नसणार. ती आधी शिवडीच्या गोदामात उतरायची, तिथून परळ-लालबागच्या एखाद्या गिरणीत तिचं सूत व्हायचं, सुताचं कापड व्हायचं आणि मग कदाचित त्या भिंतीआड रंगाच्या हौदात बुडायचं. वडिलांचं वाक्य भूगोलाच्या दृष्टीनं सैल होतं, हिशोबाच्या दृष्टीनं बरोबर होतं. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना आमचंच काहीतरी होतं.

मुंबईत कापसाची जागा बदलत आली आहे आणि दर वेळी मागे राहिलेल्या जागेचं काय करायचं हा प्रश्न पडला आहे. याचं पहिलं उदाहरण इंदू मिलच्याही शंभर-दीडशे वर्षं आधीचं. फोर्टमधल्या टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानाला बॉम्बे ग्रीन म्हणत. गोदी जवळ, म्हणून कापसाचे ढीग तिथंच पडत. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला. रिकामं झालेलं मैदान बरीच वर्षं तसंच राहिलं. मग अमेरिकन युद्धाच्या तेजीतला पैसा शहरात खेळू लागला आणि पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांच्या कल्पनेतून, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पाठिंब्यानं तिथं गोल बाग आणि तिच्याभोवती एकसारख्या दर्शनी भागांच्या इमारती उभ्या राहिल्या. बाग १८७२ च्या सुमारास पुरी झाली. तिचं नाव एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचं नाव तिला मिळालं. आज तिथल्या झाडाखाली दुपारचा डबा खाणाऱ्या कारकुनाला आपण कापसाच्या खळ्यावर बसलोय याची कल्पना नसते. कापूस मात्र कुलाब्यातही टिकला नाही. १९२० च्या दशकात पोर्ट ट्रस्टनं शिवडीला गोदामांची मोठी वखार बांधली आणि लोकलच्या एका स्टेशनाला कॉटन ग्रीन हे नाव कायमचं चिकटलं.

हॉर्निमन सर्कलची बाग सुंदर आहे. पण ती कोणासाठी झाली, हे तिच्या भोवतालच्या इमारतींवरून कळतं: बँका, विमा कंपन्या, व्यापारी पेढ्या. तेजीत ज्यांचे हात ओले झाले त्यांनी आपल्या दारापुढं बाग करून घेतली. कापूस पिकवणाऱ्यानं ती कधी पाहिली नाही. तसं मागणारा कोणी नव्हता आणि विचारणाराही.

दुसरं उदाहरण कागदावरचं आहे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या गिरणीची कंपनी काढली तेव्हापासून सव्वाशे वर्षांत गिरणगाव उभं राहिलं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. आमच्याकडे त्याचा धक्का असा बसला की मुंबईचं गिऱ्हाईक कमी झालं आणि माल कोइमतूरकडे, गुजरातेकडे जायला लागला. मुंबईत मात्र सहाशे एकरांच्या आसपास जमीन, अर्ध्या बंद गिरण्यांखाली पडून राहिली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकायची, विकसित करायची, तर तिचे तीन वाटे. एक महापालिकेला, बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला, घरांसाठी, उरलेला मालकाला. कागदावर याहून न्यायाची गोष्ट सापडणार नाही. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं सगळ्या गिरण्यांच्या जागा एकत्र पाहून आराखडा करावा असं सुचवलं. मग २००१ मध्ये नियमात बदल झाला: तीन वाटे करायचे ते फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती वाटणीत धरायची नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते तरी किती? बहुतेक सगळं शेडच. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप न्यायालयात गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. ग्रेडरच्या भाषेत सांगायचं तर माल तोच राहिला, वजनाची पद्धत बदलली.

त्या नियमातून काय उगवलं ते परळला उतरल्यावर दिसतं. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन गिरण्यांच्या जागेवर काचेचे मनोरे आले. आत हजारो माणसं नोकरीला. स्टेशन मात्र गिरण्यांच्या काळातलं, आणि एल्फिन्स्टन रोड-परळ जोडणारा पादचारी पूलही अरुंद, जुना. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला, माणसं पुलाच्या जिन्यावर आडोशाला थांबली, मागून गाड्या येतच राहिल्या. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. मग लष्कराच्या अभियंत्यांना बोलावून तिथं नवा पादचारी पूल बांधला, तो २७ फेब्रुवारी २०१८ ला खुला झाला. मला त्या बातमीत एकच गोष्ट दिसत राहिली. जमिनीचा तिसरा वाटा खुला राहिला असता तर त्यातूनच रुंद रस्ता, मोठा पूल, थांबायला जागा निघाली असती. मोकळी जागा म्हणजे केवळ झाडं-बाकडी नव्हे. गर्दीला अंग चोरायला जी जागा लागते तीही तीच.

आता तिसरं उदाहरण, म्हणजे वडिलांनी बोट दाखवलेली ती भिंत. १९७४ च्या कायद्यानं आजारी गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या, इंदू मिलही. यंत्रं पुढं थांबली. समुद्राला लागून सुमारे बारा एकर जमीन, दादर-प्रभादेवीसारख्या ठिकाणी. तिची किंमत काय होईल याचा हिशोब कोणालाही करता आला असता. २००५ मध्ये महामंडळानं मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्याच होत्या. इंदू मिलची जमीनही त्याच वाटेनं गेली असती. ती गेली नाही याचं कारण कोणत्याही नियमावलीत सापडत नाही.

कारण असं की पन्नासहून अधिक वर्षं लाखो माणसं डिसेंबरात तिच्या शेजारी येऊन उभी राहत होती. त्यांना बसायला जागा पुरत नव्हती. शिवाजी पार्कवर तंबू, पुस्तकांची दुकानं, पाण्याचे टँकर, आणि चैत्यभूमीच्या दिशेनं सरकणारी रांग. मी त्या रांगेत उभा राहून पाहिलंय, डोकं वर केलं की भिंतीपलीकडं रिकाम्या शेडची पत्र्याची छपरं दिसायची. बाजूला माणसाला पाय टेकायला जागा नाही आणि भिंतीआड बारा एकर पडून. ही जमीन बाबासाहेबांच्या स्मारकासाठी द्यावी ही मागणी कुठून जन्मली हे सांगायला पुढारी लागत नाही, रांगेत उभं राहिलं की कळतं. ६ डिसेंबर २०११ ला आनंदराज आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन सेनेचे कार्यकर्ते भिंतीआड शिरले आणि कित्येक दिवस तिथंच राहिले. वर्षभरानं, डिसेंबर २०१२ मध्ये, केंद्र सरकारनं ही जमीन स्मारकासाठी देण्याचं संसदेत जाहीर केलं. २०१५ मध्ये करार झाला आणि ११ ऑक्टोबर २०१५ ला पायाभरणी. आराखडा शशी प्रभूंचा, पुतळा राम सुतारांचा. जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं पुतळ्याची उंची अडीचशेवरून साडेतीनशे फुटांवर नेली; खाली शंभर फुटांचा चौथरा. एमएमआरडीए हे काम करते आहे.

आमच्या वस्तीत पुतळ्याच्या उंचीवर बरीच चर्चा झाली. तरुण पोरांना साडेतीनशे फुटांचा अभिमान, म्हाताऱ्यांना प्रश्न वेगळा: "बसाले जागा किती ठेवली?" माझं मत म्हाताऱ्यांच्या बाजूला झुकतं. त्या आवारात ध्यानाची जागा, ग्रंथालय, सभागृह, बाग असं बरंच काही आराखड्यात आहे. पण आमच्यासारख्याला पहाटे गाडीतून उतरून, पाय धुवून, तासभर टेकायला सावली मिळाली तर त्या बारा एकरांचं सार्थक. दरम्यान महापालिकेनं चौपाटीवर, पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या पातमुखाच्या वर, समुद्र पाहण्यासाठी मंच बांधला आणि त्याला माता रमाबाईंचं नाव दिलं. २०२२ पासून तो खुला आहे. जागा लहानशी आहे, पण तिथं कोणीही जाऊन उभं राहू शकतं.

एक रुखरुख आहे. अमेरिकेत सिएटलला तळ्याकाठी कोळशापासून गॅस बनवण्याचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर १९७५ मध्ये तिथं बाग झाली, आणि रिचर्ड हाग नावाच्या आरेखकानं यंत्रांचे गंजलेले मनोरे पाडू दिले नाहीत. आजही मुलं त्यांच्या सावलीत खेळतात. इंदू मिलमधलं रंगाईचं एखादं धुराडं, एखादा हौद असा ठेवता आला असता का? बाबासाहेबांनी गिरणी कामगारांच्या वस्तीत, परळच्या बीआयटी चाळीत, वर्षानुवर्षं संसार केला होता. त्यांच्या स्मारकात गिरणीची एक वीट उघडी राहिली असती तर ती परकी वाटली नसती. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल नंबर २-३ च्या आवारात तळ्याकाठी वस्त्रोद्योग संग्रहालय करण्याचा महापालिकेचा बेत आहे. तिथं तरी हे घडावं.

पाण्याकाठच्या टाकून दिलेल्या जागेचं भलं झालेलं आणखी एक ठिकाण मुंबईत आहे. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, शहराचा कचरा टाकत. सलीम अलींसारख्या माणसांनी लक्ष घातलं, झाडं लावली गेली आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी उघडलं. तिथं कळतं की जमीन कितीही बिघडली तरी तिला परत आणता येतं, पण तिचा नाद कोणाला तरी लागावा लागतो.

या सगळ्यातून मला जे कळलं ते साधं आहे. उद्योग गेला की जागा मोकळी होते, पण ती लोकांची आपोआप होत नाही. बॉम्बे ग्रीन तिथल्या साहेब-व्यापाऱ्यांची झाली. कागदावरचा तिसरा वाटा लोकांना मिळाला असता, पण त्या कागदाच्या मागं रोज येऊन उभं राहणारं कोणी नव्हतं. कामगार गावी गेले होते. इंदू मिलच्या बाबतीत कागद नंतर आला, माणसं आधी आलेली होती. आणि त्यांतली कितीतरी माणसं वऱ्हाडातून, आपल्या कापसाच्या वाटेनं गेलेली.

म्हणून आता कारंज्याकडे पाहतो तेव्हा मला घाई वाटते. आमच्या जिल्ह्यात शेतं सोयाबीनला गेली, जुन्या जिनांचे भोंगे थांबले. शकुंतला बंद आहे. ती ब्रॉडगेज व्हावी ही मागणी जुनी आहे आणि मीही त्या मागणीच्या बाजूचा. रूळ आले तर आधी गाडीच यावी. पण जिनिंगची बंद आवारं वेगळी. तिथं तीनवाट्यांचा नियम नाही, कोर्टात जायला कोणी नाही, आणि एकदा प्लॉटचे दगड रोवले की विषय संपला. माझी सूचना आमच्या मंडळापुढं मी ठेवलीय. १४ एप्रिलची पुस्तकविक्री आणि व्याख्यानं यंदापासून एखाद्या बंद जिनाच्या आवारात घ्यायची, मालकाची परवानगी मागून, झाडून-पुसून. पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच. आमच्या आया-बहिणींनी रुई वेचली ती जागा आहे, हे पोरांना तिथं उभं करून सांगायचं. मंडळातल्या एकानं विचारलं, "यानं जागा आपली होईन काय?" मी म्हटलं, पहिल्या वर्षी नाही होणार. दादरला पण पंधरा वर्षं नुसती वाळूच होती.